मेरेवरचा गोल

आजवर ज्यांनी ज्यांनी मला भर मैदानात आंधळी म्हटलं, त्यातले निम्मे माझ्याकडे ब्लाऊज शिवायला देणाऱ्या बायकांचे नवरे होते. रविवारी माझ्या डोळ्यांचा उद्धार करायचा आणि सोमवारी बायकोला स्कूटरवरून माझ्या दुकानाशी सोडून, रस्त्याच्या पलीकडे जाऊन मोबाइलमध्ये तोंड घालून उभं राहायचं. मी त्या बायकांचे ब्लाऊज कधी बिघडवले नाहीत. मोह मात्र झाला होता.

गोव्यात डिचोलीच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे. आठवडाभर मशीन, आणि पाऊस संपून शेतं सुकली की शनिवार-रविवार फुटबॉलच्या मैदानाच्या कडेने बावटा घेऊन पळायचं, अशी माझी उमेदीची वर्षं गेली. कागदोपत्री माझं पद असिस्टंट रेफ्री. गावात त्याला लायनमन म्हणतात, आणि मी बाई असले तरी लायनमनच. लाउडस्पीकरवर समालोचन करणारे तेवढे मला ‘आदरणीय लायनमन मॅडम’ म्हणत, आणि माईक बंद झालाय अशा समजुतीने पुढे जे म्हणत ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

मी या धंद्यात कशी शिरले, पहिला सामना कुठला, कोणी पाठीवर हात ठेवला, हे पुराण लावत नाही. शाळेत खेळत होते, पुढे रेफ्रीची परीक्षा दिली, पास झाले, एवढं पुरे. गेल्या वर्षी धावण्याच्या चाचणीत माझ्या गुडघ्यांनी मलाच बावटा दाखवला आणि मी थांबले. सासूबाईंनी माझ्या या कामाबद्दल सगळ्या वर्षांत एकच प्रश्न विचारला. पहिल्यांदा सामना बघून घरी आल्यावर म्हणाल्या, “त्या मधल्या पुरुषाकडे शिट्टी होती. तुला नुसतं फडकं दिलंय?”

हो, नुसतं फडकं. पण त्या फडक्याचं काम काय, हे सांगायला हवं, कारण ते माहीत नसतानाच त्याबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं.

ऑफसाइड म्हणजे थोडक्यात चोरून पुढे जाऊन उभं राहायला बंदी. समजा, आपला गडी समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात आहे. साथीदार त्याच्याकडे चेंडू मारतो त्या क्षणी, तो चेंडूच्याही पुढे असेल आणि समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड. शेवटचा माणूस बहुतेक वेळा गोली असतो, म्हणून शेवटून दुसरा धरायचा. बरोबरीत असला तर चालतं. हात मोजायचे नाहीत. डोकं, धड, पाय मोजायचे. आणि नुसता पुढे उभा राहिला म्हणून गुन्हा होत नाही, त्याने खेळात लुडबुड केली तर गुन्हा. एवढंच.

आता हे बघायचं कसं? चेंडू मारला जातो तिकडे, मैदानाच्या मध्यावर. गडी उभे असतात इकडे, गोलाजवळ. डोळे देवाने दोन दिलेत, पण ते एकाच दिशेला बघतात. म्हणून आम्ही डोळे शेवटून दुसऱ्या माणसावर ठेवतो आणि चेंडूचा आवाज कानाने ऐकतो. तो माणूस सरकला की आपण सरकायचं, खेकड्यासारखं आडवं, तोंड सतत मैदानाकडे. कायम त्याच्या रेषेत. आपण हातभर जरी मागे राहिलो तरी जे दिसतं ते खोटं दिसतं. प्रेक्षक कुठल्याही कोपऱ्यातून, नारळाच्या झाडाला टेकून, एका हातात भजी धरून निकाल देतात. त्यांना सगळं दिसतं. आम्हाला फक्त एक रेघ दिसते, आणि तीही मैदानावर आखलेली नसते.

नाना तऱ्हेची माणसं भेटली. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कोल्हापूरकडच्या कामगारांचा एक संघ होता. कोल्हापूरची माणसं फुटबॉल आईच्या दुधाबरोबर पिऊन येतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. त्यांचा सेंटर फॉरवर्ड संभाजी म्हणून होता. तो प्रत्येक सामन्यात ऑफसाइड व्हायचा आणि प्रत्येक वेळी पळत माझ्याजवळ येऊन अगदी अदबीने विचारायचा, “ताई, किती बोटं पुढं हुतो?” मी एकदा चिडून म्हटलं, “टाचेपासून चवड्यापर्यंत.” तो मान डोलावून गेला. पुढच्या वेळी खरोखरच तेवढाच मागे उभा राहिला, चेंडू घेतला, आणि समोर मोकळा गोल असताना आभाळात मारला. संघातल्या लोकांनी त्याचा राग माझ्यावर काढला. मी त्याला विचारात पाडलं, असं त्यांचं म्हणणं.

सुर्ल्याला एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर म्हातारा दर सामन्याला माझ्या मागे खुर्ची टाकून बसायचा. मी सरकले की तो खुर्ची उचलून सरकायचा. मला वाटायचं, धंदा समजून घेतोय बिचारा. शेवटी एके दिवशी मी विचारलं तेव्हा कळलं की माझी सावली बरी पडते म्हणून तो येतो. ऑफसाइड त्याला शेवटपर्यंत कळला नाही, आणि कळून घ्यायची त्याची इच्छाही नव्हती. सगळ्या वर्षांत मला शिवी न दिलेला तो एकमेव प्रेक्षक.

पण ज्यासाठी लिहायला बसले ते प्रकरण पार्से गावातलं आहे.

पार्से पेडणे तालुक्यात. तिकडे गावोगावच्या स्पर्धा शेतातच होतात. भात कापून नेलं, जमीन सुकली की गावकरी मधल्या मेरा मोडतात. मेर म्हणजे दोन शेतांमधला मातीचा बांध. मेर सपाट केली, वर रोलर फिरवला, चुन्याने रेघा मारल्या, दोन्ही टोकांना गोलपोस्ट रोवले की मैदान तयार. मृगाच्या आत ज्याची त्याने मेर पुन्हा घालायची आणि शेत नांगरायचं. मोडलेल्या मेरेची खूण जमिनीवर राहतेच. तिथली माती घट्ट असते, गवत वेगळ्या रंगाचं येतं, रोलरला दाद देत नाही. ती पट्टी मैदानाच्या आरपार जाते आणि परगावचे खेळाडू तिला अडखळून पडतात. गावचे पडत नाहीत. त्याला ते घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात.

पार्सेच्या मैदानातली मेर होती जयराम आणि सोनू या दोन चुलत भावांमधली. आजोबांनी एकाच शेताचे दोन भाग करून मधे मेर घातली, तोंडी. सर्वे नंबर एकच राहिला, त्यामुळे नकाशात ती मेर नाही. आजोबांनी मेर सरळ घातली होती, मागच्या मोठ्या बांधाला समांतर, यावर दोघांचंही एकमत होतं. भांडण होतं ते पुढचं. जयराम म्हणायचा, सोनूने दर पावसाळ्यात मेर घालताना ती पलीकडच्या टोकाला थोडी थोडी माझ्या शेतात सरकवली. सोनू म्हणायचा, मेर आजोबांच्या वेळी होती तश्शी सरळ आहे, तुझी नजर वाकडी. दोघांच्या मोजायच्या दोऱ्या वेगळ्या, दोघांचे साक्षीदार वेगळे. प्रकरण मामलेदार कचेरीत जाऊन पडलं होतं. दोघे सख्खे शेजारी असून वर्षानुवर्षं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते.

त्या पट्टीत फार तर टोपलीभर भात पिकेल. पण जयरामच्या वडिलांनी जाताना मुलाचा हात धरून एवढंच सांगितलं होतं की मेर सरळ करून घे. जयराम ते कोणालाही सांगायचा, चहाच्या दुकानात, बसमध्ये, अनोळखी माणसालासुद्धा. त्याच्यासाठी तो जमिनीचा प्रश्न उरला नव्हता.

मग आजवर कोणी टेप का लावली नाही, असं तुम्ही विचाराल. पावसात सरकारी माणसं गुडघाभर चिखलात उतरायला तयार नसत. पाऊस गेला की उभं पीक. आणि पीक निघालं की मेर मोडून टाकलेली, कारण फुटबॉल; मागे उरलेल्या खुणेवर मोजता येईल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि ती दरवर्षी उत्साहाने मोडणारा माणूस होता गावच्या स्पोर्ट्स क्लबचा अध्यक्ष. म्हणजे जयराम. स्वतःच्या खटल्याचा पुरावा तो दर वर्षी नारळ फोडून, देवाला गाऱ्हाणं घालून, स्वतःच्या हाताने सपाट करायचा. याबद्दल कोणी टोकलं तर म्हणायचा, खेळ वेगळा आणि दावा वेगळा.

त्या वर्षी पार्सेचा संघ प्रथमच आपल्या मैदानावर अंतिम सामन्यात आला होता. समोर पाळीचा संघ. खाणपट्ट्यातली पोरं, दमाला पक्की, कोपराने बोलणारी. मुख्य रेफ्री होते मिंगेलबाब, बार्देशातले, मोजकं बोलणारे आणि त्याहून मोजकं ऐकणारे. पार्से ज्या गोलावर चढाई करत होतं, त्या बाजूची लाइन माझ्याकडे होती. पार्सेचा फॉरवर्ड होता रुपेश, जयरामचा मुलगा. सडपातळ, वेगवान, आणि चेंडू नसतानाही चांगला पळणारा. जयराम गळ्यात हार घालून मंडपात बसला होता. सोनूही आला होता, पण मंडपाकडे पाठ करून, माझ्या समोरच्या कडेला, खाली गवतावर. आपल्या गावचा सामना चुकवण्याइतकं भांडण पेडण्यात कोणाचंच नसतं.

सामना शून्य-शून्य. शेवटची काही मिनिटं उरली होती. पाळीचा शेवटून दुसरा गडी माझ्या जवळच्या बाजूला, मेरेच्या पट्टीवर उभा. मी त्याच्या रेषेत. रुपेश पलीकडच्या बाजूला, तोही मेरेच्या पट्टीवर. मैदानाच्या मध्यावरून लांब पास सुटल्याचा आवाज मी ऐकला, आणि त्या आवाजाला रुपेश कुठे होता ते पाहिलं. तो पुढे होता. बोटभर नव्हे, चांगला दीड हात. तो निघाला, गोलीला डाव्या अंगाला झुकवलं आणि चेंडू अलगद जाळ्यात ठेवला. गोल इतका देखणा होता की माझा हात वर जायला क्षणभर नाखूश होता. पण गेला. मिंगेलबाबांनी शिट्टी मारली, मी बावटा समोर वर तिरका धरला. म्हणजे गुन्हा पलीकडच्या बाजूचा.

तोवर फटाक्यांची माळ लागून गेली होती. ती वाजत राहिली आणि तिच्या आवाजात सगळा गाव माझ्या दिशेने आला.

एरवी अशा वेळी आईबापांचा उद्धार होतो आणि दहा मिनिटांत प्रकरण निवतं. त्या दिवशी लोकांकडे मुद्दा होता. एका पोराने मोबाइलवर चित्र टिपलं होतं, गोलाच्या मागच्या बांधावरून. त्यात दोघांचे पाय स्वच्छ दिसत होते. पाळीच्या गड्याचा पाय मेरेच्या पट्टीवर आणि रुपेशचाही पाय मेरेच्या पट्टीवर. मेर ही आयती आखलेली रेघ. दोघे एकाच रेघेवर, म्हणजे बरोबरीत, म्हणजे ऑफसाइड नाही. गावातल्या एका माणसालाही यात खोट दिसली नाही. ज्या मेरेवरून त्यांच्या गावात एवढं रामायण चाललं होतं, ती त्या घटकेला सगळ्यांनी मोजपट्टी म्हणून स्वीकारली होती.

मी चित्र पाहिलं. चित्र खरं होतं. मग मी माझ्या जागेवरून पुन्हा त्या पट्टीकडे पाहिलं आणि माझ्यातली शिंपीण जागी झाली. कापड धाग्याच्या रेघेत न कापता तिरकं कापलं की त्याला उरेब म्हणतात. ब्लाऊजच्या गळ्याला लावायची पट्टी आम्ही उरेब कापतो. कडेने बघितलं तर ती सरळच वाटते, धाग्याशी ताडून बघितली की तिरकेपणा कळतो. ती पट्टी गोलरेषेशी ताडली तर पलीकडच्या टोकाला गोलाकडे झुकलेली होती. तिथे उभा राहील तो पुढेच असणार.

मी मिंगेलबाबांना सांगितलं, आणि मूर्खासारखी जरा मोठ्याने सांगितलं.

“मेर उरेब आसा,” मी म्हटलं. “दोघे मेरेवर आहेत, पण मेर सरळ नाही.”

गलका थांबला. फटाकेही तेव्हाच संपले. पार्सेच्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांनी मिळून मंडपाकडे पाहिलं. मला तोवर या भावांच्या खटल्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. वर सांगितलेलं सगळं मला नंतर कळलं. मला वाटलं, बाईने तांत्रिक मुद्दा काढला म्हणून लोक गार झाले.

गवतावरून सोनू उठला आणि सावकाश चालत मैदान ओलांडून आला. त्याच्या चेहऱ्यावर सणासुदीला असतो तसा आनंद होता. तो जयरामशी बोलत नव्हता, म्हणून माझ्याकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

“मेर सरळ काय वाकडी, तां गावच्या अध्यक्षाक विचारा. तेंच्याइतकी मेर कोणाक म्हायत ना.”

जयराम मंडपातून खाली उतरला होता. गळ्यात हार तसाच. त्या माणसाची त्या क्षणी झालेली दशा मी विसरणार नाही. मेर वाकडी म्हटलं तर दावा खरा, पण मुलाचा गोल गेला आणि गावचा कपही. मेर सरळ म्हटलं तर गोल झाला, आणि बापाच्या शब्दावर त्याने स्वतःच्या तोंडाने पाणी सोडलं, तेही पंधरा-वीस मोबाइल रोखलेले असताना. समोर रुपेश उभा होता, घामाने निथळत, बापाकडे बघत. एवढा देखणा गोल त्याने आयुष्यात पुन्हा मारला नाही.

जयरामने आधी मुलाकडे पाहिलं, मग मेरेकडे, आणि मग तोंड माझ्याकडे वळवून म्हणाला, “मेर सरळ आसा. गोल जालो.”

सोनूने मान डोलावली आणि परत जाऊन आपल्या जागी बसला.

मिंगेलबाबांनी एवढा वेळ कोणाचंच ऐकलं नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, जिथून रुपेशने चूक केली तिथे चेंडू ठेवला आणि पाळीच्या गोलीला मारायला सांगितलं. नियमाप्रमाणे निर्णय आमचा असतो, गावाचा नसतो, अध्यक्षाचा नसतो आणि मेरेचा तर नसतोच. सामना टायब्रेकरमध्ये गेला आणि पार्से हरलं. रुपेशने आपली पेनल्टी बारच्या वरून घालवली. जयरामने जमीन देऊन विकत घ्यायला काढलेला गोल त्याला मिळालाच नाही. आम्हाला मागच्या बांधावरून, काजूच्या बागेतून बाहेर काढलं. माझ्या गाडीच्या सीटवर कोणीतरी ओलं शेण ठेवलं होतं. तेवढं चालतं.

आठ-दहा दिवसांनी दुपारच्या वेळी जयराम माझ्या दुकानात आला. आधी मी ओळखलं नाही. हाराशिवाय तो लहानसा दिसत होता. बायकांच्या गर्दीत दाराशी उभा राहिला. गिऱ्हाइकं गेल्यावर बाकावर बसला आणि मग मला मेर, आजोबा, बाप, दावा सगळं सांगितलं. सोनूने मोबाइलमधलं ते बोलणं कचेरीत दाखल केलं होतं. आता जयरामच्या बाजूने उरली होती एकच व्यक्ती, जिने भर मैदानात, सगळ्यांसमोर, कोणाचंही मीठ न खाता मेर वाकडी म्हटली होती. ज्या बाईच्या सीटवर त्याच्या क्लबने शेण ठेवलं, तीच.

मी विचारलं की तेव्हा सरळ का म्हणालात. तो बाकावरच्या चिंधीची घडी घालू लागला. मग म्हणाला, “झील समोर होतो मगे.” मुलगा समोर होता. मला त्याचा राग होता तो तिथे गेला, आणि माझ्या बावट्याने या माणसाचं काय काय घेतलं याचं फार वाईट वाटलं. दिलेला निर्णय बरोबर होता, तरी वाटलं. मी येते म्हणाले.

मामलेदार शहाणा माणूस होता. त्याने पाहणीची तारीख पाऊस सुरू व्हायच्या आत लावली आणि तोवर मैदानाला कोणी हात लावायचा नाही असं बजावलं. मी गेले तेव्हा गोलपोस्ट उभे होते, चुन्याच्या रेघा पुसट झाल्या होत्या, मेरेची पट्टी मात्र ठसठशीत होती. मामलेदार, त्याचा कारकून, सर्वेची दोन माणसं, आणि अर्थात सगळा गाव. सामन्याला होते त्यापेक्षा जास्त लोक आले होते. भजीवालासुद्धा आला होता.

मामलेदाराने मला विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुठे होता, खेळाडू कुठे होते. मी माझी जागा दाखवली. मग म्हटलं, माझ्याजवळ पाळीचा गडी होता तिथे कोणालातरी उभं करा, आणि पलीकडे रुपेश होता तिथे कोणालातरी. दोघांचे पाय पट्टीवर हवेत. कोणी जायचं यावर जरा चुळबुळ झाली. शेवटी मामलेदारच म्हणाला, वादी आणि प्रतिवादी उभे राहतील. सोनू माझ्या जवळ उभा राहिला, जयराम पलीकडे. दोघांनी चपला काढल्या, आपापला पाय मेरेच्या पट्टीवर ठेवला आणि पुतळ्यासारखे उभे राहिले.

मी सोनूच्या रेषेत आले, मैदानाकडे तोंड केलं आणि पाहिलं. हातात बावटा नव्हता, नुसता हात वर केला.

“जयरामदादा पुढे आहेत,” मी म्हटलं.

सर्वेच्या माणसांनी मागच्या बांधापासून टेप धरली. एकदा सोनूपासून, एकदा जयरामपासून. पुन्हा उलटी धरली. कारकुनाने आकडे लिहिले, मामलेदाराने पाहिले. मेर पलीकडच्या टोकाला दीड हाताला थोडी जास्तच सरकलेली होती, जयरामच्या शेतात. म्हणजे रुपेश ज्या जागी उभा राहून ऑफसाइड ठरला, ती जागा त्याच्या बापाच्या हक्काची होती. मामलेदाराने तिथल्या तिथे सांगितलं की यंदा मेर सरकारी माणसांच्या देखत घातली जाईल, सरळ. सोनू खाली बघत राहिला.

मला वाटलं, आता जयराम रडेल, नाहीतर बापाचं नाव घेईल. तो आपल्या जागेवरून हललाच नव्हता. एक पाय मेरेवर तसाच ठेवून तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जिंकलेल्या माणसाचा भाव नव्हता.

“म्हणजे,” तो म्हणाला, “आमच्या रुपेशचो गोल...”

“ऑफसाइड,” मी म्हटलं.

त्याने खांदे पाडले. इतके दिवस त्या माणसाने मनात कुठेतरी दोन्ही धरून ठेवलं होतं. जमीनही मिळेल आणि गोलही खरा ठरेल, असं काहीतरी. टेपने ते एका फटक्यात तोडलं. तेव्हा माझ्या जवळून आवाज आला. सोनू बोलत होता, आणि माझ्याशी नव्हे, गावाशी नव्हे. मैदानाच्या या कडेवरून त्या कडेला, सरळ जयरामशी.

“गोल होतो तो, जयराम. मेर तुझी, घे. पूण गोल होतो. हेंका काय कळता?”

जयरामने मान वर केली. “पाय मागे होतो मरे तेचो,” तो म्हणाला.

“मागेच होतो. मी समोर बसलेलंय. माका दिसलां.”

आणि मग ते दोघे मैदानाच्या मधे एकमेकांकडे चालत आले आणि रुपेशचा पाय नेमका कुठे होता, हे एकमेकांना वाकून दाखवू लागले. सोनू रुपेश झाला, जयराम पाळीचा गडी झाला, पुन्हा अदलाबदल झाली. दोघांचं म्हणणं शब्दाशब्दाला जुळत होतं. आताच मोजलेली टेप सर्वेचा माणूस गुंडाळत होता आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. लोक भोवती जमले. कारकुनानेही आपलं मत दिलं, ते माझ्या विरुद्ध होतं. मामलेदार माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला की त्याने चित्र बऱ्याचदा पाहिलंय, आणि सरकारी मत बाजूला ठेवलं तर त्यालाही तो गोल वाटतो.

थोड्या वेळाने ते दोघे सोनूच्या घराकडे निघाले, अजून हातवारे करत. मला चहाला कोणी बोलावलं नाही. जाता जाता सोनू मागे वळला आणि म्हणाला, “बाय, पयलां डोळे दाखव डॉक्टराक.” जयराम मोठ्याने हसला. माझ्या साक्षीवर जमीन मिळालेला माणूस, चपला हातात घेऊन, भावाच्या खांद्यावर हात टाकून मला हसत गेला.

मी तिथेच उभी राहिले. इतकं बरं मला कुठल्याही सामन्यानंतर वाटलं नव्हतं, आणि मला ते त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

ऑफसाइड होता. दीड हात.